टिपांचा रकाना

दुपारी दोनच्या सुमाराला आमच्या लायब्ररीत पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांना लागून मोठाले रेन ट्री होते आणि त्यांच्या पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड टेबलांवर, कपाटांवर, माणसांच्या हातांवर हळूहळू हलत राहायचा. एसीची एकसुरी घरघर चालू असायची. जेवून आलेले संशोधक पुस्तक उघडं ठेवून पेंगायचे आणि त्यांना कुणी उठवायचं नाही. संस्था समुद्राचा अभ्यास करणारी. खाड्या, खारफुटी, प्रवाळ, जुने नकाशे असा सगळा पसारा. त्यामुळे झोपेतही ती माणसं पाण्यातच असावीत, असं मला वाटायचं.

मी या लायब्ररीची प्रमुख झाले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याआधी पुण्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत देवघेवीच्या काउंटरवर होते. नवऱ्याला रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम मिळालं म्हणून सिंगापूरला आलो. मुलगी तेव्हा कडेवर होती. ती शाळेत जायला लागल्यावर मी या संस्थेत अर्ज केला आणि पुन्हा काउंटरवरच बसले. पुढे आधीच्या प्रमुख निवृत्त झाल्या आणि ती खुर्ची माझ्याकडे आली. पुस्तक देणं, घेणं, शोधून काढणं मला येत होतं. पण प्रमुखाचं काम निराळंच निघालं. दिवसभर करारनामे वाचायचे, ऑनलाइन नियतकालिकांच्या कंपन्यांशी घासाघीस करायची आणि मीटिंगांमध्ये भराभर बोलली जाणारी आद्याक्षरं कळल्यासारखी मान हलवायची.

खिडकीपाशी एक टेबल होतं. तिथे आमच्या कॅटलॉगर बाई बसायच्या. चिनी वंशाच्या, तोआ पायोह या इथल्याच जुन्या वस्तीत वाढलेल्या, साठीच्या आसपासच्या. एसी सोसत नाही म्हणून बाराही महिने अंगात राखाडी स्वेटर. तीस वर्षं त्या याच टेबलाशी बसून येईल त्या पुस्तकाची नोंद करत होत्या. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं आणि इंग्रजीत तू-तुम्ही नसतं. पण मी मनातल्या मनात त्यांना 'तुम्ही'च म्हणायचे, आणि त्या माझ्याशी ज्या तऱ्हेने बोलत ते मला 'तू' असंच ऐकू यायचं. हुद्द्याने मी त्यांची वरिष्ठ होते. हे आम्हां दोघींनाही आठवून आठवून लक्षात ठेवावं लागायचं.

प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत नाव, लेखक, विषय, दाखल क्रमांक असं सगळं असतं. त्याच्याखाली आमच्या जुन्या यंत्रणेत आणखी एक रकाना होता. तो फक्त कर्मचाऱ्यांना दिसायचा. त्यात काय लिहावं याचा नियम नव्हता. बाई त्यात टिपा लिहायच्या. मी काउंटरवर होते तेव्हा काम नसलं की त्या टिपा वाचत बसायचे. 'हे पुस्तक एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या ट्रंकेतून आलं. रॉकेलचा वास अजून आहे.' 'माशांची मलय नावं चुकीची छापली आहेत. कुणीतरी शाईने दुरुस्त केली आहेत. दुरुस्त्या बरोबर आहेत, मी कोळणीला विचारलं.' 'शेवटच्या पानांच्या समासात पेन्सिलीने भरती-ओहोटीच्या वेळा. अक्षर बाईचं वाटतं.'

कुणी संशोधक येऊन गोंधळलेल्या आवाजात म्हणायचा, "एक पुस्तक होतं, नाव आठवत नाही, पण त्यात कुणीतरी हाताने काढलेलं खेकड्याचं चित्र होतं." मग बाई त्या रकान्यात दोन शब्द टाकून शोधायच्या आणि उठून थेट कपाटापाशी जायच्या. परत येताना पुस्तक हातात असायचं. संशोधकाला ती जादू वाटायची.

मी प्रमुख झाले त्याच सुमाराला संस्थेने ठरवलं की लायब्ररीचा कायापालट करायचा. कपाटं जाणार, पुस्तकं बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसमधल्या एका भाड्याच्या गोदामात जाणार, तिथे यंत्रं ती पेट्यांत रचून ठेवणार आणि मागणी आली की काढून देणार. इथे मोकळी जागा, सोफे, मोठे पडदे. आणि जुनी यंत्रणा बंद करून सगळ्या नोंदी एका नव्या यंत्रणेत न्यायच्या. हे नेण्याचं काम एका बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. त्यांनी एक लांबलचक तक्ता पाठवला. जुन्या यंत्रणेतल्या कुठल्या रकान्यातला मजकूर नव्या यंत्रणेत कुठे जाणार, ते ओळीने लिहिलेलं. त्याच्याखाली लायब्ररीच्या प्रमुखाची सही हवी होती.

ती मीटिंग मला नीट आठवते. संचालक टेबलाच्या टोकाशी होते. कंपनीचा इंजिनिअर पडद्यावर ओळीमागून ओळ सरकवत होता. एका ओळीत लिहिलं होतं, 'स्थानिक टीप ३', आणि पुढच्या चौकटीत, 'नेणे नाही'. माझी नजर त्यावर थांबली होती. हे काय आहे, असं विचारावं असं मनात आलंही होतं. ओठांपर्यंत शब्द आले होते. पण त्याआधी मी दोन प्रश्न विचारले होते आणि दुसऱ्याला इंजिनिअर जरासा हसला होता. मला वाटलं, आता तिसरं विचारलं तर या सगळ्यांना कळेल की काउंटरवरची बाई इथे चुकून येऊन बसली आहे. ओळ वर सरकली. दुसरी आली. मी सही केली.

मग महिनाभर पुस्तकं जात राहिली. माणसं राखाडी पेट्या घेऊन येत, कपाटं रिकामी करत. एकेक कपाट रिकामं झालं की त्याच्यामागची भिंत पहिल्यांदाच उजेड बघायची, तीस वर्षांची फिकट चौकोनी सावली अंगावर घेऊन. बाई आपल्या टेबलाशी बसून बघत असायच्या. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "इथे आता आवाज घुमतो." आणि खरंच घुमत होता. कुणी शिंकलं तर ती शिंक पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायची.

दोनेक महिन्यांनी एक मुलगी माझ्याकडे आली. रत्नागिरीकडची, पीएचडी संपवून इथे पुढचं संशोधन करायला आलेली. लायब्ररीत मराठी बोलायला मिळतं म्हणून तिचं माझ्याकडे येणं-जाणं असायचं.

"ताई, मागे बाईंनी मला एक पुस्तक दाखवलं होतं. मागच्या पानांवर पेन्सिलीने भरतीच्या वेळा लिहिलेलं. तेव्हा मला नको होतं, आता हवंय. नाव काही आठवत नाही."

"त्यात काय, आत्ता काढते," असं म्हणून मी नव्या यंत्रणेत शोधलं. काहीच आलं नाही. शब्द बदलून पाहिले. पडदा पांढराच. तिला बसायला सांगून मी खिडकीपाशी गेले.

बाईंनी नोंदी उघडायला सुरुवात केली. एक उघडली, खालपर्यंत गेल्या, बंद केली. दुसरी. तिसरी. पाच-सहा झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रिकामं आहे," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

"सगळंच."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आपला कप धुवायला गेल्या. कप स्वच्छच होता.

मी माझ्या खोलीत जाऊन तो तक्ता उघडला. ओळ सापडायला वेळ लागला नाही. खाली माझी सही होती, माझ्या नेहमीच्या, शेवटी शेपूट वळवलेल्या अक्षरात. तीस वर्षं एका माणसाने हातात घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल जे पाहिलं, हुंगलं, विचारलं, ते मी एका सहीने पुसलं होतं. आणि ते पुसलं गेलंय हे दोन महिने माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी मी त्यांच्यापुढे खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. ओळ, चौकट, ओठांवर आलेला प्रश्न, सही. त्या ऐकत होत्या. खिडकीबाहेर झाडावर मैना दंगा करत होत्या.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "तिथे नाही विचारलंस तर नाही. मला विचारायचंस. मी इथेच बसले होते."

मी खुर्ची होती तिथे परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेले. मृदू बोलणारे गृहस्थ, प्रवाळांचे अभ्यासक. ते म्हणाले, "कंपनीने सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "त्यांनी लिहून दिलं होतं, सर. मी विचारलं नाही." ते म्हणाले, "तो तक्ता मीही पाहिला होता. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला कळलंय." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांना हसू येत होतं की वाईट वाटत होतं, ते मला ओळखता आलं नाही.

इंजिनिअरला फोन केला तर तो बिचारा मनापासून हळहळला. रकान्याचं नाव नुसतं 'स्थानिक टीप ३' असं होतं, त्यामुळे त्यात काही महत्त्वाचं असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. कुणी म्हटलं असतं तर पाच मिनिटांत आणलं असतं. जुन्या यंत्रणेची डिस्क तर आता पुसली होती. पण दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. काम मिळण्याच्याही आधी, तीन वर्षांपूर्वी, तेव्हा बारगळलेल्या एका चाचणीसाठी त्यांनी आमच्या नोंदींची एक प्रत घेतली होती. ती सापडली होती. म्हणजे शेवटच्या तीन वर्षांच्या टिपा त्यात नव्हत्या, पण त्याआधीच्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

"मी पाठवतो," तो म्हणाला, "पण कच्चं आहे. उघडून बघाल तर घाबराल."

मी घाबरलेच. पडद्यावर आकडे, चिन्हं, उभ्या रेघा, तुटकी अक्षरं. ते त्याच्याच कंपनीकडे देऊन टाकता आलं असतं. त्यांनी तसं सुचवलंही. पण या वेळी दुसऱ्यावर सोडायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. एक ऑनलाइन वर्ग लावला. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते, तेव्हा मुलगी दुधाचा कप घेऊन मागून डोकावली. बारा वर्षांची. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तरं देते, असं आमचं चालतं.

"बघ ना गं, काय जंगल आहे हे," मी म्हटलं.

"आई, इट्स जस्ट अ टेबल, लाह," इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' जोडून ती म्हणाली. बोटाने दाखवलं. ही उभी रेघ आली की एक रकाना संपला. ही ओळ तुटली की एक पुस्तक संपलं. मग दूध पिऊन निघून गेली.

नुसता तक्ताच होता. मी रोज सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी तासभर येऊ लागले. कुणी नसायचं. पानांची सावली रिकाम्या फरशीवर डुलत असायची आणि मी एकेक सूचना लिहून यंत्राकडून ते जंगल विंचरून घ्यायचे. पहिले आठ-दहा दिवस नुसत्या चुकाच. मग एका सकाळी, ध्यानीमनी नसताना, पडद्याच्या उजव्या बाजूला वाक्यं उमटायला लागली. ओहोटीला खडक हळूहळू वर येतात तशी. 'रॉकेलचा वास अजून आहे.' 'मी कोळणीला विचारलं.' मी खुर्चीला टेकून वाचत राहिले. किती वेळ, कोण जाणे. दार उघडून बाई आत आल्या आणि माझ्या पडद्याकडे बघून स्वेटरची बटणं लावत तशाच उभ्या राहिल्या.

"ही टीप त्या पुस्तकाची नाही," त्या म्हणाल्या.

आणि खरंच नव्हती. दीपगृहाची टीप प्रवाळांच्या एका जाडजूड ग्रंथाला चिकटली होती. कुठेतरी ओळी एका पायरीने घसरल्या होत्या. कंपनीच्या माणसाला ते कधीच कळलं नसतं. मलाही कळलं नसतं. यंत्राच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं. सूचना दुरुस्त केल्यावरही आता माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, यादीतली थोडी पुस्तकं डोळे मिटून निवडू आणि खरं पुस्तक हातात घेऊन टीप ताडून बघू.

"पुस्तकं तुआसला आहेत," त्या म्हणाल्या.

"मग तुआसला जाऊ."

पुढे नेमाचे झालेल्या गुरुवारांतला पहिला असा आला. दुपारी आम्ही दोघी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालो. हिरव्या लाइनचं शेवटचं टोक. त्या बाजूला गाडी उंच पुलावरून जाते आणि डब्यात माणसं विरळ होत जातात. खाली कारखान्यांची छपरं, टाक्या, मध्येच चमकणारी पाण्याची पट्टी, आणि दूर बंदरावरच्या क्रेन, धुक्यात चरत उभ्या असलेल्या उंच प्राण्यांसारख्या. बाई खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत होत्या. मीही.

गोदामात खिडकी नव्हती. आत गारवा होता आणि अंधार म्हणावा इतका मंद उजेड. पेट्यांची रास चार-पाच मजल्यांएवढी वर गेलेली आणि तिच्या मधल्या फटींतून यंत्रांचे हात रुळांवरून वर-खाली जात होते. आवाज फक्त एक लांबलचक उसासा टाकल्यासारखा. तिथल्या माणसाने आम्हाला एक टेबल दिलं. मी दाखल क्रमांक टाकला. वर कुठेतरी काहीतरी हललं, आणि थोड्या वेळाने एक राखाडी पेटी सरकत येऊन आमच्यासमोर थांबली.

बाईंनी त्यातून पुस्तक उचललं. उघडलं. नाकाजवळ नेलं आणि डोळे मिटले.

"रॉकेल," त्या म्हणाल्या.

मी यादीवर खूण केली. त्या दिवशी निवडलेली सगळी पुस्तकं आपापल्या टिपांशी जुळली.

मग उरली ती शेवटची तीन वर्षं. त्या टिपा कुठल्याच डिस्कवर नव्हत्या. त्या असल्या तर बाईंच्या डोक्यात आणि पुस्तकांच्या पानांत होत्या. मी संचालकांना विचारलं, दर गुरुवारची दुपार आम्हाला द्याल का. ते म्हणाले, "किती गुरुवार?" मी म्हटलं, "माहीत नाही." मीटिंगमध्ये 'माहीत नाही' असं मी बहुतेक पहिल्यांदाच म्हटलं असेन. त्यांनी मान हलवली.

असे आम्ही पाऊण वर्ष गेलो. पेटी यायची, बाई पुस्तक हातात घेऊन पानं चाळायच्या, मग त्यांचा हात एका जागी थांबायचा आणि त्या हळू आवाजात बोलायला लागायच्या. मी लिहून घ्यायचे. ते ऐकताना मला कधी कधी लहानपणची दुपार आठवायची, मोठी माणसं बोलत असतात आणि आपण त्यांच्या आवाजाच्या काठाशी झोपेत जात असतो, तशी. त्या सांगायच्या, हे पुस्तक आलं तेव्हा त्यात वाळलेलं पान होतं. हा नकाशा उलटा बांधला गेलाय. या लेखकाने आपल्या बायकोचे आभार मानलेत, पण तिचं नाव दिलेलं नाही.

एकदा एक पुस्तक त्यांनी बराच वेळ हातात धरलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"हे मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "लिही, 'आठवत नाही'."

"असं लिहायचं?"

"हो. पुढच्याला कळेल की इथे काहीतरी होतं."

मी तसं लिहिलं. नव्या यंत्रणेत टिपांसाठी आम्ही रकाना करून घेतला, त्यात आता अशा चाळीस-पन्नास नोंदी आहेत.

रत्नागिरीच्या मुलीचं पुस्तक पहिल्याच महिन्यात सापडलं होतं. त्याची टीप जुन्या टिपांतच होती. ती एका गुरुवारी आमच्याबरोबर गोदामात आली आणि पेन्सिलीच्या त्या वेळांवर वाकून बसली. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. कुणीतरी, बहुधा कुणी बाईच, कित्येक दिवस एकाच धक्क्यावर उभी राहून पाणी कधी चढलं, कधी उतरलं, हे घड्याळ बघून लिहीत होती. कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुलीने जागेचं नाव वाचलं, फोनवरच्या नकाशात शोधलं आणि चकित होऊन वर पाहिलं.

"ताई, हा किनारा आता नाहीये. इथेच कुठेतरी होता तो. भराव घातलाय त्याच्यावर."

मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी पायाखालच्या सिमेंटकडे पाहिलं.

"म्हणजे आपण पाण्यात बसलोय," त्या म्हणाल्या.

वर यंत्राचा हात कुणाची तरी पेटी घेऊन संथपणे सरकत गेला.

त्याच सुमाराला संस्थेने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एक नवं यंत्र आणायचं ठरवलं. पुन्हा तीच खोली, तोच पडदा, नवी कंपनी. या वेळी मी बाईंना बरोबर नेलं आणि पहिल्याच पानावर थांबवून विचारलं, हे उत्तर कुठून आणणार? टिपा त्याला दिसणार का? एखादी टीप नसेल तर ते गप्प बसणार की मनाने काहीतरी सांगणार? पलीकडच्या तरुणाने दोनदा घड्याळ पाहिलं. माझी भीती काही गेली नव्हती. मीटिंग लांबली. ठरलेला दिवस पुढे गेला. शेवटी ते यंत्र आलं, पण 'आठवत नाही' असं जिथे लिहिलंय तिथे ते तसंच सांगतं, एवढं आम्ही त्याच्याकडून करून घेतलं.

बाईंच्या निवृत्तीला दोन महिने उरले, तेव्हा संचालकांनी मला सांगितलं की माझ्या हाताखाली एक नवा व्यवस्थापक नेमायचा आहे, त्याला काय काय यायला हवं ते लिहून द्या. मी मन लावून लिहिलं. माहितीच्या फायली स्वतः उघडून तपासता येणं, करार वाचता येणं, यंत्राला नीट सूचना देता येणं, नव्या बदलांसाठी माणसांची तयारी करणं. कागद बाईंना दाखवला. त्यांनी सावकाश वाचला.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मग पेन मागितलं आणि खाली एक ओळ लिहिली. 'दुसऱ्याच्या शेजारी बसता यायला हवं.'

"ही जाहिरातीत कशी घालू?" मी विचारलं.

"ते तू बघ. तू प्रमुख आहेस."

मनुष्यबळ विभागाने ती ओळ काढून टाकली. मुलाखतीच्या वेळी मात्र मी उमेदवारांना समोर न बसवता माझ्या बाजूला बसवलं आणि एकच नोंद दोघांनी मिळून तपासायला घेतली. ज्याने तीनदा 'हे मला कळलं नाही' म्हटलं, त्याला आम्ही घेतलं. तो अजून आहे. बरा आहे. कधी कधी फार प्रश्न विचारतो.

बाईंना निरोपसमारंभ नको होता. शेवटच्या दिवशी त्या मला तोआ पायोहला आपल्या नेहमीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, घेऊन गेल्या. मी शाकाहारी, म्हणून त्यांनी ओळखीच्या गाड्यावर जाऊन माझ्यासाठी वेगळ्या नूडल्स करायला लावल्या आणि त्या होईपर्यंत तिथेच पहारा दिला. पंखे गरगरत होते. बाजूच्या टेबलावर म्हातारे लोक कॉफीचे ग्लास पुढ्यात ठेवून काही न बोलता बसले होते. खाऊन झाल्यावर मी विचारलं, आता दिवसभर काय करणार?

त्यांनी पिशवीतून काहीतरी बाहेर काढलं. गडद निळा पोहण्याचा पोशाख. दुकानाची चिठ्ठी अजून तशीच लटकत होती.

"तुम्हाला पोहता येत नाही?" मी विचारलं.

"तीस वर्षं समुद्राची पुस्तकं," त्या म्हणाल्या, "आणि गुडघ्याच्या वर पाणी कधी माहीत नाही. इथे जवळच तलाव आहे. सोमवारी पहिला वर्ग. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीहून लहान आहे."

"भीती वाटते?"

"खूप," त्या म्हणाल्या आणि तो पोशाख नीट घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला.

मग त्यांना मासळी घ्यायची होती. त्या बाजाराकडे वळल्या, मी स्टेशनकडे. वळून पाहिलं तर गर्दीत स्वेटर दिसला नाही. बाहेर उकाडा होता, त्यांनी तो काढून हातावर टाकला असावा.